शाल, श्रीफळ आणि पाकीट

पहिल्या भाषणाचं मानधन: एक नारळ.
पालशेतच्या पतपेढीची वार्षिक सभा होती.
सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, रिकाम्या हाती कसं पाठवायचं?"
माझ्या परड्यात तेव्हा एकोणीस माड.
शेवटच्या एसटीत मी विसावं झाड
मांडीवर घेऊन बसले.
कंडक्टर ओळखीचा. म्हणाला, "काय बाई, नारळ दिला?"
हसलो दोघं.
मग असगोलीपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

शाली साठत गेल्या.
कोकणात, वैशाखात, शाल!
विश्रामने त्या आंब्याच्या अढीवर पांघरल्या.
पायरी चार दिवस आधी पिकली.
माझ्या बोलण्याने पिकलेली
ही पहिली गोष्ट.

हर्णैला एकदा लिलाव बघत उभी राहिले.
ओल्या वाळूत पाट्या, उन्हं कललेली,
धर्मा पावसे पुकारत होता.
सुरमईच्या एका ढिगाला सात-आठ शब्द,
आणि मग गप्प.
त्या गप्प राहण्यातच गिऱ्हाइकाचं बोट वर जायचं.
मला माझं दीड तासाचं भाषण आठवलं.
परतताना दाभोळच्या फेरीबोटीत
ते कोळंबीसारखं सोलायला घेतलं.
डोकं काढलं, शेपूट काढलं,
पाठीतला तो काळा दोराही ओढून काढला.
धोपावे येईतो उरलं वीस मिनिटांचं.
खाण्याजोगं.

दर सांगायला मात्र सहा वर्षं गेली.
"समजून द्या हो," म्हणायचे मी फोनवर,
आणि लोक समजूनच द्यायचे.
मग लोट्याच्या एका कारखान्यातून विचारणा आली.
मी आकडा सांगितला
आणि धर्मासारखी गप्प बसले.
पलीकडचा पंखा ऐकू येत होता.
"चालेल," म्हणाले.
फोन ठेवताक्षणी वाटलं, कमीच सांगितला.
(अजूनही दर वेळी वाटतं. ते काही जात नाही.)

हेदवीला वीज गेली. माइक मेला.
समोर नऊ बायका, एक झोपलेलं पोर.
मी ओरडून बोलत राहिले, घसा ताणून.
मागून एक काकू म्हणाल्या, "ओरडतेस कशाला?
खाली ये की."
इतकी वर्षं मी मंचावर चढायचं शिकले होते.
उतरले. चटईवर बसले.
त्या संध्याकाळी काय बोलले आठवत नाही.
त्यांनी काय सांगितलं ते आठवतं.

धंदा वाढला. बोर्ड आला, कार्डं आली,
महिन्याला बावीस कार्यक्रम, गाडी, ड्रायव्हर.
आणि हे सांगायचं नव्हतं, पण सांगते.
आईच्या शेवटच्या आठवड्याची एक गोष्ट
मी सगळीकडे सांगायचे.
ती सांगताना डोळे भरून यायचे,
लोकांचे, आणि माझेही.
खेडच्या सभागृहात समोर भिंतीवर घड्याळ होतं.
डोळे भरले तेव्हा नजर तिकडे गेली.
बारावं मिनिट.
चिपळूणलाही बारावंच होतं. देवरुखलाही.
खाडीला भरती येते तीही रोज
थोडी उशिराने येते.
माझी मात्र ठरल्या वेळी.

ती गोष्ट त्या रात्री घरी आणली
आणि पुन्हा बाहेर नेली नाही.
तीन कार्यक्रम पडले त्यामुळे. पडले.

परवा घसा बसला.
दापोलीला शाहीन हुनेरकरला पाठवलं.
दोन वर्षं माझी बॅग उचलणारी मुलगी,
माझ्या टिपणांचा कागद तिने नेला नाही
हे नंतर कळलं.
रात्री परतली. डोळे चमकत होते.
टेबलावर पाकीट ठेवलं,
पिशवीतून नारळ काढला.
"पाकीट तुमचं मॅडम, नारळ माझा."

आवाज फुटेना. नाहीतर म्हटलं असतं,
अगं वेडे, उलट.
मी एक बोट वर केलं,
लिलावात करतात तसं,
मग तेच पाकिटावर टेकवून
पाकीट तिच्याकडे सरकवलं.

नारळ ठेवून घेतला.
दुसऱ्या दिवशी सोलकढी केली.
बसलेल्या घशाला ती चांगली नसते म्हणतात.
दोन वाट्या प्यायले.